लेसरने त्वचा पाहणे म्हणजे त्वचा भाजणे नव्हे

लेसर लावला की त्वचा भाजते आणि त्याच्या किरणांनी पुढे कर्करोग होतो, हा समज पुण्यात बरीच वर्षे ऐकू येतो. केस काढण्याच्या लेसरची माहिती सर्वांना असल्यामुळे प्रत्येक लेसर तसाच असणार, असे गृहीत धरले जाते. त्वचेच्या परावर्ती कॉन्फोकल सूक्ष्मदर्शनाला, म्हणजे लेसरच्या प्रकाशात त्वचेच्या आतल्या पेशी पाहण्याच्या तपासणीला, हे लागू पडत नाही.

या तपासणीत साधारणपणे ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश, अवघ्या काही मिलिवॅट शक्तीने, त्वचेवर बिंदूबिंदूने फिरवला जातो. केस काढणारा लेसर मुळाशी असलेले मेलॅनिन, म्हणजे केसांना आणि त्वचेला रंग देणारे द्रव्य, तापवण्यासाठी जोरदार स्पंदने सोडतो. इथे मात्र पेशींवरून परतलेला प्रकाश फक्त टिपायचा असतो, आणि एका सूक्ष्म छिद्रातून नेमक्या एकाच पातळीवरचा प्रकाश संवेदकापर्यंत जाऊ दिल्यामुळे त्वचा न कापता जिवंत पेशींचे आडवे छेद दिसतात. हा प्रकाश क्ष-किरणांसारखा आयनीकारक, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून पेशींना इजा करणारा, नाही. सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर घाबरण्याचे काहीच कारण नाही: मेलॅनिनमुळे चित्र अधिक स्पष्ट उमटते, हे संशोधक मिलिंद राजाध्यक्ष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली बोस्टनमध्ये दाखवून दिले.

मात्र यामुळे बायोप्सीची गरजच उरली नाही, हा दुसऱ्या टोकाचा दावाही मला तितकाच घातक वाटतो. या यंत्राची नजर सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचते, त्यामुळे संशयास्पद तीळ त्याखाली किती पसरला आहे, हे तुकडा काढूनच तपासावे लागते.