पडद्याची सूज आणि डोळ्यातली सुई : पार्श्वभूमी

‘पडद्यावर सूज आलीय, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल,’ असं जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यात ऐकलं की शहादा-चोपड्याकडच्या माणसाच्या तोंडून आधी निघतं, ‘डोयामा सुई?’ मग लगेच, ‘केवढ्याची?’ अशा सुयांपैकी कोणती बरी, हे मात्र डॉक्टरांनाही अगदी अलीकडेपर्यंत छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

या सुजेचं एक कारण म्हणजे युव्हायटिस, डोळ्याच्या आतला दाह. त्यात रक्तवाहिन्या पाझरतात, पडद्याच्या मधोमध पाणी साचतं, अक्षरं धूसर किंवा वाकडी दिसू लागतात. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉईड दिलं गेलं आणि पुढे स्टेरॉईड डोळ्यांपर्यंत पोचलं. गोळ्यांनी साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात; म्हणून डोळ्याच्या बाजूला ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन, पुढे तेच थेट डोळ्याच्या आत. १९९१ मध्ये ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी आली आणि सूज मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजता येऊ लागली. त्याशिवाय खरी तुलना शक्यच नव्हती. २०१० मध्ये अमेरिकेत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडच्या ०.७ मिलिग्रॅमच्या इम्प्लांटला युव्हायटिससाठी मान्यता मिळाली. ही बारीक कांडी डोळ्यात हळूहळू विरघळते.

मग ‘पॉइंट’ चाचणीत १९२ रुग्णांवर तिन्ही उपाय समोरासमोर आले. आठ आठवड्यांत सूज बाजूच्या इंजेक्शनने २३ टक्के, आतल्या ट्रायॲमसिनोलोनने ३९ टक्के आणि इम्प्लांटने ४६ टक्के उतरली. शेवटच्या दोघांत फार फरक नाही, आणि ट्रायॲमसिनोलोन कितीतरी स्वस्त. खिशाकडे बघणाऱ्याने हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आतल्या दोन्ही उपायांत डोळ्याचं प्रेशर वाढण्याचा धोका मात्र बाजूच्या इंजेक्शनपेक्षा जास्त.

पहिल्या इंजेक्शननंतरही सूज राहिली तर काय, हे ‘मेरिट’ चाचणीने २०२३ मध्ये पाहिलं. बारा आठवड्यांत सूज इम्प्लांटने ३५ टक्के, रक्तवाहिन्यांचं पाझरणं रोखणाऱ्या रॅनिबिझुमॅबच्या सुईने २२, तर दाह दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या सुईने जेमतेम ११ टक्के कमी झाली. इथेही प्रेशर वाढलं ते जास्त करून इम्प्लांटवाल्यांचंच.

आपल्याकडे सुईआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी सांगतात, ती उगाच नाही : युव्हायटिसच्या मुळाशी क्षय असू शकतो, आणि नुसत्या स्टेरॉईडने तो बळावतो. सुई नाशिक-मुंबईला घेतली तरी प्रेशर तपासायला दरवेळी तिकडे जायला नको. ते जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडेही मोजून होतं. फक्त कोणतं औषध, कोणत्या तारखेला दिलं, तो कागद सोबत हवा.