रेंज आल्यानंतरची विषमता

डिजिटल विषमतेची सरकारी मोजणी आजवर प्रामुख्याने टॉवर आणि जोडण्यांच्या संख्येवर चालत आली आहे. किती गावांत रेंज पोचली आणि किती ग्रामपंचायतींपर्यंत केबल गेली, हे आकडे नियमितपणे जाहीर होतात. भारतातील गेल्या तीस वर्षांचा क्रम पाहिला, तर रेंज पोचल्यानंतरही विषमता मिटलेली नाही. ती फोनच्या किमतीत, महिन्याच्या रिचार्जमध्ये आणि घरातला एकुलता फोन कोणाच्या खिशात असतो या प्रश्नात शिरली आहे.

मोबाइल आणि इंटरनेट या दोन्ही सेवा सामान्य ग्राहकांसाठी १९९५ साली, अवघ्या पंधरवड्याच्या अंतराने सुरू झाल्या. ३१ जुलै रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले. तेव्हा मोबाइलवर बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जात असे आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. पुढे १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचे ओझे काढून उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, तर मे २००३ पासून इनकमिंग मोफत झाले. मोबाइल झपाट्याने पसरला तो त्यानंतर.

ग्रामीण भागासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद केली होती. एप्रिल २००२ पासून लागू झालेल्या सार्वत्रिक सेवा निधीत दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा जमा होऊ लागला आणि तोट्याच्या भागात सेवा पोचवण्यासाठी तो वापरायचा असे ठरले. मात्र हा निधी सुरुवातीला तारेच्या दूरध्वनीपुरता मर्यादित राहिला. मोबाइलच्या सोयींसाठी तो वापरता यावा म्हणून कायद्यात दुरुस्ती व्हायला २००६ साल उजाडले आणि तोवर शहरांनी मोठी आघाडी घेतली होती. जमा झालेला पैसा वर्षानुवर्षे पूर्ण खर्च होत नव्हता, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

महाराष्ट्रातील वारणानगरचा प्रयोग या इतिहासात विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांत १९९८ साली संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प केंद्र सरकारच्या पुढाकाराने सुरू झाला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण अशी मोठी स्वप्ने त्यामागे होती. प्रत्यक्षात केंद्रावर येणारा शेतकरी आपला ऊस किती टन भरला, तोडणीची परवानगी केव्हा मिळणार आणि खताची उचल किती झाली, एवढेच विचारायला येई. तेही संगणकाला स्वतः हात न लावता केंद्रचालकाकडून. काही वर्षांनी संशोधकांच्या एका गटाने हे ध्यानात घेऊन मोजक्या गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणून पाहिला. शेतकऱ्याने ठरावीक सांकेतिक पद्धतीने एसएमएस पाठवायचा, कारखान्यातील संगणकाला जोडलेल्या फोनने तो स्वीकारायचा आणि उसाचा हिशेब उलट एसएमएसने पाठवायचा, अशी ती साधी व्यवस्था होती. ती चालली आणि लोकांना आवडलीही. लोकांची नेमकी गरज ओळखली तर स्वस्त साधनावरही काम भागते, हे वारणेत इतक्या आधी दिसलेले असताना पुढच्या योजनांनी ते फारसे मनावर घेतले नाही, असे म्हणावे लागते.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली, जी पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ठरलेली दोन वर्षांची मुदत उलटून गेली आणि पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती २०१७ च्या अखेरीस जोडून झाल्या. मेळघाटातील हरिसाल हे गाव याच काळात डिजिटल गाव म्हणून गाजले. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून तिथे इंटरनेट आणण्यात आले, पण २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तेथील स्थितीची चित्रफीत सभांमधून दाखवल्यावर दावा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर राज्यभर चर्चेचा विषय झाले.

खरी उलथापालथ बाजाराने केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केली आणि सुरुवातीचे काही महिने ती मोफत ठेवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरावीक संकेतस्थळांसाठी वेगळे दर लावण्यास मनाई केली होती. त्यामुळे गरिबांना निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची फेसबुकची फ्री बेसिक्स योजना भारतात बंद पडली आणि स्वस्त झाले ते पूर्ण इंटरनेट. एका जीबीचा सरासरी दर २०१४ मध्ये २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये बारा रुपयांच्याही खाली आला.

दर इतके उतरूनही उपयोग सर्वांच्या वाट्याला आला नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत ४२ टक्के होती, तर खेड्यांत जेमतेम १५ टक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने घराच्या आतील दरी दाखवली. कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास होते. फोन घरात असतो, पण तो कर्त्या पुरुषासोबत शेतावर किंवा कामावर जातो, हे गावात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

दरम्यान सरकारी कामकाज मात्र सर्वांकडे फोन आहे असे गृहीत धरून पुढे गेले. करोनाकाळात शाळा फोनवर भरल्या आणि १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी सुरुवातीला कोविन पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली, ज्याबद्दल मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीचा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोनची क्षमता कमी, त्यात पोषणाच्या नोंदी ठेवण्याचे पोषण ट्रॅकर ॲप नीट चालत नाही आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, ही त्यांची गाऱ्हाणी होती. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदवणे सक्तीचे झाले. कामाच्या ठिकाणी रेंज नसली की केलेल्या कामाची हजेरी लागणेच अडते.

स्वस्ताईही ओसरत गेली. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी किमान रिचार्ज आवश्यक केला आणि २००३ पासून मोफत असलेले इनकमिंग रिचार्जअभावी बंद पडू लागले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा वाढले. बटणांचा फोन वापरणाऱ्यांनाही न वापरलेल्या डेटाचे पैसे भरावे लागत असल्याने नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले, पण त्यांतील प्रमुख पॅक ८४ दिवसांचे किंवा वर्षभराचे होते, म्हणजे रोजंदारीवर जगणाऱ्याने काही महिन्यांचे पैसे एकरकमी भरायचे.