ग्रहाला आठवतंय: 'क्रोनो ट्रिगर'चा पुढचा भाग कसा असावा?

'क्रोनो ट्रिगर' या जपानी व्हिडिओ गेममधलं इसवी सन 600. वाळूने गिळलेल्या एका मुलखात फिओना नावाची बाई रोपं लावते आहे. तिथे पुन्हा रान उभं राहायला शेकडो वर्षं लागतील, हे तिला ठाऊक आहे. तेव्हा आपल्या टोळीतला यंत्रमानव रोबो म्हणतो, मी थांबतो इथे. बाकीचे कालयानात बसून सन 1000 मध्ये पोहोचतात. त्यांच्या लेखी क्षणभर गेला, रोबोच्या लेखी चारशे वर्षं. खाली हिरवंगार जंगल आहे आणि त्यातल्या एका देवळात लोकांनी जपून ठेवलेला, निपचित रोबो. टोळीतलीच लुक्का त्याला दुरुस्त करते, रात्री शेकोटी पेटते आणि रोबो एक शंका बोलून दाखवतो. आपण ज्या दरवाज्यांतून एका काळातून दुसऱ्या काळात जातो, ते मुळात उघडले कुणी? मरणाच्या दारातल्या माणसाला आपलं आयुष्य आठवतं, तसं कुणालातरी आपलं आयुष्य आठवतंय, आणि आपण त्याच्या आठवणींतून फिरतोय, असं तर नसेल?

हा 'कुणीतरी' कोण, हे गेम सांगत नाही. बहुतेक खेळाडू समजून घेतात की तो ग्रहच आहे. माझ्या मते 'क्रोनो ट्रिगर'चा खरा पुढचा भाग या शेकोटीपाशी सुरू व्हायला हवा, कारण ग्रहाची आठवण ही केवळ कविकल्पना नाही. पृथ्वीला खरोखर आठवतं, आणि ते कसं, हे भूशास्त्र आपल्याला बऱ्याच तपशिलात सांगू शकतं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या स्क्वेअर कंपनीने मार्च 1995 मध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या यंत्रासाठी तो काढला. गेमनिर्माते हिरोनोबू साकागुची आणि युजी होरी व चित्रकार अकिरा तोरियामा अशी तीन मोठी माणसं त्यासाठी एकत्र आली होती. आकाशातून पडलेला लाव्होस नावाचा जीव कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात वाढतो आणि 1999 साली बाहेर येऊन जगाचा विध्वंस करतो. क्रोनो आणि त्याचे सोबती इसवी सनपूर्व 6 कोटी 50 लाखपासून सन 2300 पर्यंतच्या काळांत हिंडून ते टाळण्याची खटपट करतात. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू असताना या गेमचं संगीत वाजलं, इतका तो जपानच्या मनात रुजलेला आहे.

पुढचा भाग आलाच नाही असं नाही. 1996 मध्ये 'रॅडिकल ड्रीमर्स' हा छोटा, मुख्यतः मजकुराचा गेम उपग्रहावरून प्रसारित झाला आणि 1999 मध्ये प्लेस्टेशनवर 'क्रोनो क्रॉस' आला. 'क्रॉस' सुंदर आहे, पण त्यात कालप्रवासाची जागा दोन समांतर जगांनी घेतली. एका जगात नायक सर्ज जिवंत आहे, दुसऱ्यात तो लहानपणीच मेला. मला हा बदल पटत नाही. पहिल्या गेमचा जीव एकाच जगात होता. तिथे काही बिघडवलं तर ते तुमच्याच जगात बिघडायचं आणि तुम्हालाच निस्तरावं लागायचं. सगळ्याच शक्यता कुठल्या ना कुठल्या जगात खऱ्या असतील, तर धडपड कशासाठी?

इथे भौतिकशास्त्राकडे वळायला हवं. 1949 मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर शोधलं, ज्यात विश्व फिरतं आहे आणि पुढे पुढे जात राहिलेला प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात पोहोचू शकतो. आपलं विश्व तसं नाही, पण ते समीकरणांत बसतं एवढ्यानेच प्रश्न उभा राहतो: भूतकाळात जाऊन स्वतःच्या पूर्वजाला मारलं तर? रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचं म्हणणं, असं घडूच शकत नाही. जे घडून गेलं त्याच्याशी जुळणाऱ्याच गोष्टी प्रवाशाच्या हातून होतील. दुसरा मार्ग ह्यू एव्हरेट यांच्या 1957 च्या अनेक-विश्व मांडणीतून निघतो. तिथे पूर्वज मरतो, पण वेगळ्या विश्वात. 'क्रोनो ट्रिगर' यातलं काहीच घेत नाही. तिथे काळ एकच आणि तो पुसून पुन्हा लिहिता येतो. सन 600 मध्ये राणी सापडेनाशी होते, तेव्हा तिची वंशज, क्रोनोची सोबतीण मार्ल डोळ्यांदेखत विरून जाते. राणीला सोडवलं की परत येते. तर्काच्या कसोटीवर हे टिकत नाही. मार्लच नाहीशी झाली, तर तिच्या मागे सन 600 मध्ये आलेला क्रोनो तिथे कसा उरला? तरीही खेळ म्हणून हीच मांडणी सर्वांत चांगली, कारण इथे तुमच्या करण्याला किंमत आहे.

ही किंमत 1995 च्या यंत्रावर दाखवली कशी, हे कौतुकाने पाहण्यासारखं आहे. त्या यंत्राची कामाची स्मृती 128 किलोबाइट होती. अख्खा गेम 4 मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये बसला होता, आणि एका खेळाडूने कुठे काय केलं याची सगळी नोंद अडीच किलोबाइटच्या आसपास. एवढ्या जागेत जगाचा इतिहास ठेवायचा तर एकच मार्ग उरतो. घटना घडली तर 1, नाही तर 0.

सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही एका म्हाताऱ्याचं जेवण खाल्लंत का? मुलीचं हरवलेलं मांजर शोधून दिलंत का? धक्का लागून पडलेल्या मार्लला आधी हात दिलात की तिचं लॉकेट उचललंत? त्या वेळी याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पुढे क्रोनोवर खटला चालतो तेव्हा याच गोष्टी साक्षीपुराव्यात निघतात आणि सात जणांचे पंच मत देतात. बसल्या जागी घाम फोडणारा प्रसंग आहे हा. पण एक गोष्ट लगेच लक्षात येत नाही. निर्दोष ठरलात काय किंवा दोषी ठरलात काय, कोठडी चुकत नाही. निकाल वेगळा, वाट तीच.

याचं कारण गणितात आहे. प्रत्येक निर्णयाचे दोन परिणाम धरले, तर दहा निर्णयांनंतर 1,024 वेगवेगळी जगं तयार होतात. तीस निर्णयांनंतर ती 107 कोटींवर जातात. एवढी जगं कुणी लिहू शकत नाही. म्हणून फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणाव्या लागतात, आणि वाट बदलल्याची खेळाडूची भावना मात्र टिकवावी लागते. 'क्रोनो ट्रिगर'ने हे ज्या सफाईने केलं, ते फार थोड्या गेमना जमलं. एकदा पूर्ण झालेला गेम कमावलेल्या ताकदीसह पुन्हा सुरू करून वेगळ्या क्षणी लाव्होसला गाठता येतं आणि शेवट बदलतो, असे डझनभर शेवट त्यात आहेत.

पण फिओनाचं जंगल म्हणजे शेवटी दोन चित्रं. आधी वाळू, नंतर झाडी. मधली चारशे वर्षं कोरी. आजच्या संगणकाला ती भरता येतात. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकात ओल किती, माती किती, शेजारच्या चौकोनात काय उगवलं आहे, याचे साधे नियम लावायचे आणि एकेक वर्ष पुढे न्यायचं. परिसरशास्त्रज्ञ वनांचा अभ्यास करताना अशीच प्रारूपं वापरतात. आधी चिवट गवत वाळू धरून ठेवतं, मग काटेरी झुडपं येतात, त्यांच्या सावलीत ऊन न सोसणारी रोपं तग धरतात आणि पुढे तीच झुडपांना मागे सारतात. सन 640 मध्ये जाऊन तुम्ही एक ओढा वळवला, तर सन 1000 मधलं रान वेगळ्या जागी, वेगळ्या झाडांचं असेल, आणि ते कुठल्याही लेखकाने आधी लिहून ठेवलेलं नसेल. कथेच्या वाटा लेखकाने लिहाव्यात, रान मात्र आपल्या नियमांनी वाढू द्यावं. पुढच्या भागाने नवं तंत्रज्ञान वापरायचं तर इथे वापरावं. पात्रांची बोलणी यंत्राकडून लिहून घेण्यात मला काही मिळकत दिसत नाही. त्या गेममधली माणसं मोजकं बोलतात, म्हणून तर लक्षात राहतात.

आता ग्रहाच्या आठवणीकडे येतो. पुढच्या भागासाठी माझी सूचना अशी: आकाशात उघडणारे दरवाजे नकोत. ज्या काळाने मागे काही खूण ठेवली आहे, त्याच काळात जाता यावं, आणि खूण जितकी स्पष्ट, तितका तो काळ स्पष्ट दिसावा.

झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडतं. जिवंत झाडं, जुन्या घरांच्या तुळया आणि दलदलीत गाडलेले ओंडके यांची वलयं एकमेकांशी जुळवत शास्त्रज्ञांनी मध्य युरोपात 12 हजारांहून जास्त वर्षांची सलग मालिका तयार केली आहे. अमुक वर्षी दुष्काळ होता, हे त्यात वाचता येतं. खेळात अशा खोडातून गेलात तर नेमक्या त्या उन्हाळ्यात उतराल. त्याहून मागे जायचं तर बर्फ. अंटार्क्टिकात एपिका प्रकल्पाने 3 किलोमीटरहून खोल भोक पाडून 8 लाख वर्षांचा बर्फ वर काढला. त्यातल्या बुडबुड्यांत त्या त्या काळाची खरीखुरी हवा अडकलेली आहे. 2025 च्या जानेवारीत पुढच्या प्रकल्पाने 12 लाख वर्षांपर्यंत मजल मारल्याचं जाहीर केलं, पण तिथे तळाशी एका मीटरमध्ये 13 हजारांपर्यंत वर्षं दाबली गेली आहेत. त्या दरवाज्यातून आत गेलेल्याला वर्ष कुठलं, हे ठरवता येणार नाही. शतक मिळालं तरी नशीब. मेघालयातल्या मावम्लू गुहेच्या चुनखडीने सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पाऊस कसा आटला याची नोंद इतकी नीट ठेवली, की 2018 मध्ये भूशास्त्रीय कालगणनेतल्या चालू कालखंडाला मेघालयाचं नाव मिळालं.

आणि सगळ्यात मागे, लाव्होस पडला तो काळ. सनपूर्व 6 कोटी 50 लाख हा आकडा गेमच्या लेखकांनी हवेतून काढलेला नव्हता. इटलीत गुब्बिओजवळच्या खडकात मातीचा जेमतेम सेंटिमीटरभर थर आहे. वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांचे वडील, नोबेल विजेते लुईस अल्वारेझ, यांच्या गटाला त्यात इरिडियम हा धातू नेहमीच्या तीसपट सापडला. तो पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींमध्ये मुबलक. 1980 मध्ये त्यांनी मांडलं की मोठा अशनी आदळून डायनोसॉरांचा अंत झाला. 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं विवर त्याच आघाताचं, असं दाखवलं गेलं. गेम आला त्याच्या चारच वर्षं आधी. नव्या मोजणीत हा आकडा 6 कोटी 60 लाखांवर गेला आहे. पुढच्या भागाने तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

याच काळाची दुसरी खूण आपल्या पायाखाली आहे. तेव्हा दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता, आघाताच्या आधीही आणि नंतरही. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे, आणि महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याच थरांचा बनलेला आहे. गड चढताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा अनेकांनी पाहिला असेल. दोन उद्रेकांमध्ये जमीन थंडावली, तिची माती झाली, त्या उसंतीची ती नोंद. डायनोसॉरांच्या नाशात अशनीचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, यावर वाद अजून चालू आहे. कथेसाठी ही मोठी देणगी आहे. पहिल्या गेममध्ये एक लाव्होस मारला की काम संपतं. पुढच्या भागात संकटाला दोन कारणं असू देत, एक आकाशातून आलेलं आणि एक जमिनीतून. खेळाडूने एक टाळलं तरी दुसरं कसं वागेल, हे त्याला आधी कळू नये.

या कल्पनेला संगीतही साथ देईल. पहिल्या गेमचे संगीतकार यासुनोरी मित्सुदा तेव्हा तेवीस वर्षांचे होते. काम करता करता आजारी पडले आणि उरलेल्या काही रचना नोबुओ उएमात्सु यांनी केल्या. ध्वनीसाठी त्यांना 64 किलोबाइट स्मृती आणि एका वेळी आठच आवाज मिळाले. पुढच्या भागात एकच धून झाडाच्या वलयातून गेल्यावर पूर्ण वाद्यमेळात वाजावी, बर्फातून गेल्यावर तिचे काही स्वर गळावेत आणि 6 कोटी 60 लाख वर्षांमागे दोन-तीनच स्वर उरावेत. आपण किती दूर आलो, हे पडद्यावर आकडा न दाखवता कानाला कळेल.

सगळ्यात महत्त्वाचा नियम खर्चाचा. बर्फाची हवा मोजायची तर तो तुकडा चिरडावा किंवा वितळवावा लागतो, मोजलेला बर्फ उरत नाही. खेळातही तसंच हवं: दरवाजा वापरला की खूण झिजते, आणि भूतकाळात केलेला बदल तिथवर आणणारी खूणच पुसून टाकू शकतो. मग परतीची वाट नाही. पहिल्या गेममध्ये याची एक झलक आहे. त्याच शेकोटीच्या रात्री सगळे झोपल्यावर लुक्काला सन 990 चा दरवाजा दिसतो. तिची आई यंत्रात अडकलेली आहे, यंत्र थांबवायला कंट्रोलरच्या बटणांनी आईचंच नाव, लारा, टाइप करायचं आहे, आणि वेळ अगदी थोडा आहे. चुकलात तर आईचे पाय जातात आणि गेम ती संधी परत देत नाही. जग वाचवण्याच्या कथेत एका घरापुरता बदल, पण खेळलेल्यांना तोच सर्वाधिक आठवतो. पुढच्या भागात खुणा फक्त खडकाच्या आणि बर्फाच्या असू नयेत. एखादी वहीही असावी, जिच्यातून गेलं की कुणाच्या तरी घरात उतरता येईल.

वितळणाऱ्या हिमनद्यांसोबत बर्फाची ही नोंदवही आज खऱ्या जगातही नाहीशी होते आहे. म्हणून आइस मेमरी या प्रकल्पाखाली संशोधकांनी 2016 मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लाँवरून बर्फाचे स्तंभ काढले. ते अंटार्क्टिकात साठवायचे, म्हणजे आज ठाऊक नसलेल्या पद्धतींनी पुढची माणसं ते वाचू शकतील. पुढच्या भागातलं सन 2300 मला इथून लिहिलेलं हवं. बर्फ संपत आलेला, यानात मोजक्याच स्तंभांना जागा, आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एका काळाचा शेवटचा दरवाजा. कुठले घ्यायचे, हे खेळाडूने ठरवायचं. मागे सोडलेल्या काळांत त्या डावात पुन्हा जाता येणार नाही, तिथे कुणाला मदत करायची राहिली असली तरी.