आधी कापड बेतलं, मग कोट

ट्वीडचा, म्हणजे जाड, खरबरीत लोकरी कापडाचा कोट शिवायला टाकायचा म्हटलं की शिंपी समोर नमुन्यांची जाडजूड वही ठेवतो. तळहाताएवढे तुकडे, कडा नागमोडी कातरलेल्या. त्यातला एक निवडायचा, मापं द्यायची, मग कच्च्या टाक्यांवरचा कोट अंगावर चढवून आरशासमोर उभं राहायचं, एकदा, दोनदा, कधी तीनदा. कोट आपल्या अंगावर बेतलेला असतो, पण कापड मात्र कुणीतरी आधीच ठरवून विणलेलं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये मागणी नोंदवली जायची ती थेट कापडापासून: रंग कोणते, चौकट केवढी, कुठल्या डोंगरावर वापरायचं. ट्वीडची आज प्रसिद्ध असलेली बरीच नावं अशाच मागण्यांतून आली. म्हणून ही पार्श्वभूमी विणकरांइतकीच मागणी करणाऱ्यांचीही आहे.

मुळात हे गरिबाघरचं कापड. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे; लुईस, हॅरिस, यूस्ट, बारा. तिथले लोक गेलिक भाषेत याला 'क्लो मोर' म्हणत, म्हणजे मोठं कापड. लोकर घरच्या मेंढ्यांची, कातणं घरचं, माग घरचा. रंगही हाताशी असतील तेच. खडकावर उगवणारं 'क्रोटल' लोकरीबरोबर उकळलं की तांबूस तपकिरी रंग येई. हे क्रोटल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाचंच भाऊबंद. तिथले मच्छीमार मात्र क्रोटलच्या रंगाचे मोजे घालून समुद्रावर जायला कचरत, कारण खडकावरून आलेलं खडकाकडेच परत जातं अशी समजूत होती. विणून झालेलं कापड शिळ्या मूत्रात भिजवून, फळीभोवती बसलेल्या बायका ते आपटून-मळून आटवायच्या आणि त्या तालावर गाणी म्हणायच्या, जात्यावर ओवी यावी तशी. आपल्याकडे सनगरांच्या मागावरची घोंगडी आठवा. तीही मेंढपाळाच्या अंगावरची, थंडी-पाऊस अडवणारी, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. घोंगडीला गिऱ्हाईक म्हणून कुणी राजपुत्र मिळाला नाही, एवढंच.

नावाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. स्कॉट्स बोलीत तिरक्या विणीच्या कापडाला 'ट्वील' म्हणत. १८३० च्या सुमारास हॉइक गावाहून लंडनला गेलेल्या पत्रातला तो शब्द तिथल्या व्यापाऱ्याने 'ट्वीड' असा वाचला, कारण त्या भागातून वाहणाऱ्या ट्वीड नदीचं नाव त्याच्या कानावर होतं. गोष्ट जरा जास्तच गोळीबंद वाटते. नाव मात्र टिकलं.

हॅरिस बेट १८३४ पासून डनमोर या सरदार घराण्याच्या मालकीचं होतं. सहावे अर्ल १८४५ मध्ये वारले आणि कारभार त्यांच्या पत्नी कॅथरिन मरे, म्हणजेच लेडी डनमोर, यांच्याकडे आला. १८४६ मध्ये त्यांनी स्ट्रॉन्ड गावातल्या, 'पेझ्ली भगिनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोघींना मरे घराण्याची टार्टनची चौकट (टार्टन म्हणजे स्कॉटिश घराण्याची ठरलेली रंगीत चौकडी) ट्वीडमध्ये विणायला सांगितली. त्या कापडाचे कपडे त्यांनी आपल्या शिकारीच्या रानातल्या रखवालदारांना आणि वाटाड्यांना शिवून दिले, आणि मग स्वतःच्या वर्तुळातल्या बड्या घरांमध्ये ते कापड खपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी त्या प्रदेशात बटाट्यावर रोग पडला होता आणि खायची भ्रांत होती. घरातल्या बाईला विणून चार पैसे मिळणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. पण चित्राची दुसरी बाजूही आहे. हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावरची चांगली जमीन जमीनदारांनी मेंढ्यांसाठी मोकळी करून घेतली होती आणि तिथली माणसं पूर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावर ढकलली गेली होती. मेंढीने जागा घेतली आणि मेंढीच्याच लोकरीवर पोट भरायची वेळ आली. लेडी डनमोर यांचं कौतुक वाचताना हे लक्षात असावं.

याच सुमारास मुख्य भूमीवर आणखी एक प्रथा आकार घेत होती. इंग्लंडमधले पैसेवाले लोक हरणांच्या शिकारीसाठी स्कॉटलंडमधले डोंगर भाड्याने घेऊ लागले होते. स्थानिक कुळांना, म्हणजे तिथल्या घराण्यांना, आपापलं टार्टन होतं. या पाहुण्यांना कूळच नव्हतं, तर टार्टन कुठून असणार? मग त्यांनी आपल्या इस्टेटीचं स्वतंत्र ट्वीड बेतायला सुरुवात केली. ग्लेनफेशी इथलं सर्वांत जुनं मानलं जातं. जनरल बालफोर यांच्या मुलीने १८४० च्या आसपास मेंढपाळांच्या काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटीवर लाल रेघांची मोठी चौकट टाकून ते तयार केलं. लॉर्ड लोव्हॅट यांनी मोरार सरोवराच्या काठचे रंग पाहिले, रानफुलं, नेचे, बर्चची झाडं, वाळू, आणि ते एकत्र मिसळलेली लोकर मागवली, असं सांगतात. 'लोव्हॅट' ही हिरवट-निळसर छटा आजही दुकानात त्याच नावाने मिळते. राणी व्हिक्टोरियाचे पती आल्बर्ट यांनी बाल्मोरल इस्टेट घेतल्यावर १८५३ मध्ये तिचं ट्वीड बेतलं. लांबून ते नुसतं करडं दिसतं, जवळ गेलं की त्यात लाल ठिपके आढळतात, ॲबर्डीनशरच्या ग्रॅनाइटसारखे.

हे कापड नुसतं मिरवायचं नव्हतं. हरणाला माणूस दिसू नये हा त्याचा उद्योग. योगायोग असा की त्याच सुमारास पेशावरच्या बाजूला हॅरी लम्सडेन हा ब्रिटिश अधिकारी आपल्या गाइड्स पलटणीचे कपडे मातीच्या रंगात रंगवून घेत होता, आणि त्यातून 'खाकी' जगभर गेली. एकीकडे धूळ, दुसरीकडे हेदरची झुडपं, युक्ती एकच.

ही सरमिसळ साधते कशी, हे जाता जाता सांगायला हवं. साध्या कापडात सूत कातल्यावर रंगवतात. इथे लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरावीक प्रमाणात मिसळून पिंजतात आणि त्यानंतर कातलं जातं. त्यामुळे दुरून तपकिरी दिसणाऱ्या एकाच धाग्यात नारिंगी, निळा, पिवळा, हिरवा असे तंतू असतात. नमुन्याची वही खिडकीपाशी नेऊन बघायची ती याचसाठी.

शिवणाऱ्यांकडे येऊ. १८४६ हेच साल इथेही भेटतं. वडिलांच्या मृत्यूनंतर हेन्री पूल यांनी दुकान ताब्यात घेतलं आणि त्याचं दार लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत उघडलं. पुढे ती गल्ली शिंप्यांची पंढरी झाली. 'बिस्पोक', म्हणजे गिऱ्हाइकाच्या मागणीवरून खास शिवलेलं, हा शब्दही अशाच दुकानांतला. एखाद्या गिऱ्हाइकाने कापडाचं ठाण आधीच सांगून ठेवलं असेल तर ते 'बोलून ठेवलेलं' झालं. आता तो शब्द बराच सैल झालाय. २००८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने मापाप्रमाणे पण यंत्रावर शिवलेल्या सुटालाही 'बिस्पोक' म्हणायला हरकत नाही असा निर्णय दिला. जुन्या पद्धतीचे शिंपी त्यावर चिडले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

शिंप्यांना ट्वीड आवडतं त्याचं कारण लोकरीचा स्वभाव. वाफेची इस्त्री फिरवून ती इथे आटवता येते, तिथे ताणता येते. खांद्याची गोलाई, छातीचा उठाव नुसत्या कातरीने येत नाही. आत घोड्याच्या केसांचं कॅनव्हास, त्यावर हाताने घातलेले बारीक तिरके टाके, आणि शिवणीत सोडलेली माया. ही माया फार महत्त्वाची. पोट सुटलं तर कोट सोडवता येतो, मुलाला द्यायचा तर वाढवता येतो. कोपर झिजलं की चामड्याचं ठिगळ. ठिगळं लावलेला कोट घालून राजे चार्ल्स चारचौघांत वावरतात, त्याची चर्चाही होते.

पण रोज वापरायचा कपडा म्हणून ट्वीड शहरात सहजी शिरलं नाही. लंडनमध्ये काळा, गडद कोट हीच रीत. ट्वीड गावाकडे, शिकारीला. बंदूक उचलताना पाठ ताणली जाऊ नये म्हणून चुण्या आणि कमरेला पट्टा असलेलं नॉरफोक जाकीट १८६० च्या दशकात आलं. पुढे सायकल आली आणि तीच जाकिटं सायकलवर चढली. बायकांसाठी काउझ गावच्या जॉन रेडफर्न यांनी पुरुषी धाटणीचे शिवलेले कोट-स्कर्ट आणले. त्यात बाईला चालता-फिरता येत होतं. १९२० च्या दशकात कोको शनेल यांनी हेच कापड पॅरिसला नेलं, आणि कार्लाइलची लिंटन ही छोटी गिरणी तिथल्या फॅशनसाठी विणू लागली. तोपर्यंत गिर्यारोहकही ट्वीडच घालत. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा फोटो पाहून बर्नार्ड शॉ यांनी शेरा मारला होता की ही आयर्लंडमधली सहल हिमवादळात सापडलेली दिसते.

मागणी वाढली तशी नक्कलही. गिरणीतलं कापड हॅरिसच्या नावाने विकलं जाऊ लागलं. १९०९ मध्ये हॅरिस ट्वीड असोसिएशन स्थापन झाली आणि १९११ पासून कापडाच्या पाठीवर गोल आणि क्रॉसचा शिक्का बसू लागला. १९३४ मध्ये बेटांवरच्याच गिरणीत कातलेलं सूत चालेल असं ठरलं. १९६४ मध्ये न्यायालयाने सगळी प्रक्रिया बेटांवरच व्हायला हवी असा निकाल दिला, आणि १९९३ मध्ये त्याला संसदेच्या कायद्याचं बळ मिळालं: शुद्ध नवी लोकर, रंगवणं-कातणं बेटांवर, विणणं विणकराच्या स्वतःच्या घरी.

कायद्याने नाव वाचलं, पण गिऱ्हाईक काही कायद्याने येत नाही. १९६६ मध्ये उत्पादन ७६ लाख वारांवर गेलं होतं. मग घरं आणि मोटारी उबदार झाल्या, कपडे हलके झाले, आणि चिलखतासारखा कोट कुणालाच नको झाला. २००६ मध्ये लुईसवरची सर्वांत मोठी गिरणी विकत घेणाऱ्या उद्योजकाने सुमारे ८,००० नमुने बंद करून फक्त चार ठेवले, आणि तेही स्वतःच्या तयार कोटांसाठी. मागणीवर घडलेल्या कापडाची यापेक्षा उलटी गत काय असणार! पुढच्याच वर्षी लुईसवरच्याच शॉबोस्ट गावची बंद पडलेली गिरणी नव्या लोकांनी सुरू केली आणि नमुने परतले. २००९ पासून लंडनमध्ये जुन्या पद्धतीचे ट्वीड सूट घालून सायकल फेरी निघते. हौस परतल्याची ती खूण.

आपल्याकडे ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेली लोकरीची गिरणी पुढे 'रेमंड' म्हणून घराघरांत पोहोचली. सुटाचं कापड वेगळं घ्यायचं आणि शिंप्याकडे टाकायचं, ही गोष्ट आपल्या तालुक्याच्या गावीही नवी नव्हती. लग्नाचा सूट तसाच व्हायचा. ब्रिटनमध्ये चैन ठरलेली पद्धत इथे बराच काळ साधी व्यवहाराची होती. पण मुंबईच्या घामात मीटरला अर्धा किलो भरणाऱ्या कापडाचं करायचं काय, हा प्रश्न कुणी विचारू नये.

स्कॉटलंडच्या इस्टेटी अजूनही आपापलं ट्वीड विणून घेतात. त्यासाठी १७९७ पासून चालत आलेली एल्गिनची जॉन्स्टन्ससारखी गिरणी आहे. ठरावीक काळाने रखवालदारांची मापं घेतली जातात, सूट शिवून येतात, आणि ती माणसं ते घालून पावसात, चिखलात, ओल्या हेदरमधून पोटावर सरपटत हरणामागे जातात.