जावास्क्रिप्ट कोड कव्हरेज

चाचण्या चालू असताना जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमचा कोणता भाग खरोखर चालला आणि कोणता अस्पर्श राहिला, याची मोजदाद. ओळ, विधान (एक पूर्ण आज्ञा), फंक्शन आणि शाखा (अटीनुसार फुटणारी वाट) ही तिची रूढ परिमाणे होत.

उगम : ही कल्पना जावास्क्रिप्टपेक्षा बरीच जुनी आहे. मिलर आणि मॅलोनी यांचा ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मधील १९६३चा लेख तिचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तथापि त्या लेखाचा भर प्रोग्रॅमच्या सर्व वाटा तपासल्या जातील अशी उदाहरणे निवडण्यावर दिसतो. टक्केवारीत मांडायचे मापन त्यानंतर रुळले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जावास्क्रिप्टसाठी आधी जेएसकव्हरेजसारखी साधने होती. २०१२मध्ये याहूतील कृष्णन अनंतेश्वरन यांचे ‘इस्तंबूल’ आले आणि तेच पुढे सर्वाधिक रूढ झाले. नावाची व्युत्पत्ती कर्त्यानेच दिली आहे : कव्हरेजवरून जमीन झाकणारा गालिचा आठवला, गालिच्यावरून उत्तम गालिचे विणणारा देश. (इस्तंबूल हे शहर आहे, देश नव्हे. चांगली नावे आधीच संपली होती, असा खुलासा मात्र कर्त्याने केला आहे.)

पद्धती : इस्तंबूल मूळ कोडच बदलते. प्रत्येक विधानाच्या आधी एक गणक, म्हणजे मोजणी ठेवणारा आकडा, पेरला जातो. विधान चालले की गणक एकाने वाढतो. ही पद्धत कोणत्याही इंजिनावर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालते, पण कोड आता लिहिला तसा राहिलेला नसतो. एखादे फंक्शन मजकुराच्या रूपात दुसऱ्या प्रक्रियेत (स्वतंत्र स्मृती असलेल्या चालू प्रोग्रॅमात) पाठवून तेथे चालवले, तर पेरलेला गणक त्या बाजूला सापडत नाही आणि एरवी बिनतक्रार चालणारी चाचणी कोसळते. अशा फंक्शनांवर ‘हे वगळा’ अशी टीप लिहावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत मोजणी इंजिनच करते. क्रोम ब्राउझरच्या व्ही८ या इंजिनात ही सोय २०१७मध्ये आली. तिच्या ढोबळ प्रकारात इंजिनाजवळ आधीच असलेली माहिती वापरली जाते, मात्र कचरा-संकलनात, म्हणजे नको असलेली स्मृती मोकळी करताना, तीही पुसली जाऊ शकते. काटेकोर प्रकारात ती राखून ठेवतात आणि त्याची किंमत वेग व स्मृतीत मोजतात.

फायरफॉक्समधील मापन : फायरफॉक्सच्या वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाचा मोठा हिस्सा जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि त्याच्या खाली सी++ व रस्ट या भाषा. येथे मोजणी स्पायडरमंकी हे इंजिन करते. ब्राउझर अनेक प्रक्रियांत चालत असल्याने एका फाइलीवर भागत नाही. प्रत्येक प्रक्रिया आपली नोंद स्वतंत्र फाइलीत एलकोव्ह या कव्हरेज-नोंदींच्या रूढ मांडणीत लिहिते. त्यातील ‘डीए:४२,०’ या नोंदीचा अर्थ, ४२वी ओळ शून्य वेळा चालली.

प्रश्न पुढे येतो तो पत्त्यांचा. इंजिनाला फाइल ‘क्रोम’ किंवा ‘रिसोर्स’ने सुरू होणाऱ्या अंतर्गत पत्त्याने माहीत असते, मूळ कोडच्या भांडारातील जागेने नव्हे. (हा ‘क्रोम’ म्हणजे खिडकीची चौकट, त्याच नावाच्या ब्राउझरहून हा वापर जुना आहे.) शिवाय बांधणीच्या वेळी (मूळ कोडपासून चालणारा ब्राउझर तयार करताना) पूर्वप्रक्रियेत काही फाइलींच्या ओळी गळतात वा नव्या मिसळतात, म्हणजे अहवालातील ४२वी ओळ मूळ फाइलीत भलतीच असू शकते. म्हणून बांधणीतच पत्त्यांचा नकाशा तयार होतो आणि त्यावरून नोंदी पुन्हा लिहिल्या जातात. तिन्ही भाषांच्या नोंदी एकत्र करणारे ‘जीआरकोव्ह’ हे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे साधन रस्टमध्ये लिहिलेले आहे.

टक्केवारीच्या छेदाचा, म्हणजे एकूण ओळी किती धरायच्या याचा, प्रश्न याहून अवघड आहे. वेळ वाचवण्यासाठी इंजिने न बोलावलेली फंक्शने पूर्ण वाचतच नाहीत. मापनाच्या वेळी हा आळस बंद केला नाही, तर न चाललेल्या ओळी हिशेबातूनच सुटतात आणि टक्केवारी फुगते. स्पायडरमंकी तो बंद करते. पण कोणत्याही चाचणीत जी फाइल उघडलीच गेली नाही, ती इंजिनाला ठाऊकच नसते. ती शून्य म्हणून बाहेरून जोडावी लागते. दोन प्रकल्पांच्या आकड्यांची तुलना करताना छेद कसा धरला आहे, हे सहसा पाहिले जात नाही.

अर्थनिर्णय : शंभर टक्के विधाने चालली तरी सर्व शाखा चालल्या असे होत नाही, ‘अन्यथा’ नसलेल्या ‘जर’ची खोटी बाजू निसटते. इनोझेम्त्सेव्हा आणि होम्स यांनी २०१४मध्ये चाचण्यांची संख्या स्थिर धरली, तेव्हा कव्हरेज आणि चुका पकडण्याची क्षमता यांत सहसंबंध क्षीण ते मध्यम आढळला. मात्र तो अभ्यास पाच मोठ्या जावा प्रोग्रॅमांचा आहे.