माळवदावरची माती

रोहिण्या निघाल्या की आमच्याकडं आधी माळवद बघायचं, बी-बियाणं नंतर. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. वर्षभर त्यावर मिरच्या वाळायच्या, कुरडया पडायच्या, उन्हाळ्यात रात्री अंथरुणं पडायची. त्या बदल्यात ते वर्षाला एक काम मागायचं. पांढरी माती आणायची, जुन्या थरावर पसरायची, पाणी शिंपडून चोपायची आणि उतार पन्हाळाकडं, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडं ठेवायचा. याला मिस्त्री लागत नसे. सुतार तुळई, म्हणजे छताचं जाड आडवं लाकूड, बसवून द्यायचा, त्याचं बलुतं खळ्यावर मिळायचं. माती मात्र घरच्यांनीच चढवायची, फार तर भावकीतल्या चौघांच्या सावडीनं, म्हणजे आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं अशा मदतीनं.

घर खणांत मोजायचे, म्हणजे दोन खांबांमधला गाळा हे माप. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक वासे, त्यावर किलचण म्हणजे लाकडाच्या चिपा दाटून बसवलेलं, त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी. रानातली काळी माती इथं चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. छतावर टाकली तर पहिल्याच सरीला घर गळेल. पांढरी बारीक, राखाडी, चुनखडीच्या अंगाची असते. ती चोपली की बसते.

ही पांढरी येते कुठून? जुन्या वस्तीच्या जागेतून. राख, शेण, पडक्या भिंतींची माती असं शेकडो वर्षं साचत गेलं आणि त्याचं टेकाड झालं. जमीनमहसुलाच्या जुन्या भाषेत गावठाण म्हणजे ‘पांढरी’ आणि शेती म्हणजे ‘काळी’, ते यावरूनच. आधीच्या पिढ्यांची पडलेली घरं आपण पाटीनं उचलून आपल्या घरावर टाकत होतो, असं म्हणायला हरकत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे सातवाहनकाळातलं तगर, अशाच टेकाडांवर वसलेलं आहे. तिथल्या मातीतून निघालेली मणी, मृण्मूर्ती, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे.

या कामात एक खोट होती, ती कुणाच्या ध्यानात आली नाही. दरवर्षी माती चढायची, उतरायची कधीच नाही. जुना थर खणून काढणं जिवावर यायचं, आणि बोटभर नवी माती टाकली की गळती थांबायची. मग कोण खणतंय? मध्यरात्री टपटप सुरू झाली की आजोबा पोतं डोक्यावर घेऊन शिडीनं वर जायचे, गळतंय त्या जागी पाटीभर माती ओतून पायानं दाबायचे. तीही तिथंच राहायची. असं करत करत थर दीड-दोन फुटांवर गेला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सव्वाचार घनमीटर, वजनात सहा-साडेसहा टन. भिंतींचंही तसंच. दोन-अडीच फूट जाडीची भिंत दिसायला गढीसारखी, पण आत-बाहेर दगडांचे दोन वेगळे पदर आणि मध्ये चिखल-गोटे. दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. कुठं पोट सुटलं तर त्यावर सारवण व्हायचं आणि सणाला भिंत पुन्हा सुरेख दिसायची.

३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. चारला काही मिनिटं कमी होती. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८ हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. गंमत म्हणवत नाही, पण सगळी माळवदं कोसळली नव्हती. छताचा भार सागवानी खांबांनी पेलला होता तिथं सांगाडा पुष्कळदा उभा राहिला आणि भिंती आत-बाहेर ढासळल्या. तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या घरांत मात्र भिंतीपाठोपाठ ते टनांचं ओझंही खाली आलं.

पुढं कित्येक महिने लोक अंगणात झोपले. माळवदं उतरवून पत्रे आले, ऐपत असेल तिथं स्लॅब पडला. पत्र्यानं जीवाची भीती घालवली आणि मे महिना आणला. मग त्यावर तुराट्या, कडबा, पाचट टाकणं, चुना मारणं, वादळात उडू नये म्हणून दगड ठेवणं अशी नवी घरगुती कामं सुरू झाली. (ते दगड वाऱ्यात खाली येतात, हे सांगूनही कुणी ऐकत नाही.) माळवद ठेवायचंच असेल तर दुरुस्तीचा मार्ग सोपा होता: माती वीतभर जाडीवर आणा, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणी घाला. पण तोवर माळवद या शब्दाचीच धास्ती बसली होती.

मागच्या उन्हाळ्यात चुलत भावानं आमचं जुनं पाच खणांचं घर उतरवलं. ट्रॅक्टरच्या अकरा ट्रॉल्या माती निघाली. एका थरात बांगडीचे तुकडे होते, एकात निजामाच्या वेळचा हाली पैसा, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनातलं नाणं. पांढरी खतासारखी चालते म्हणून त्यानं सगळी माती ओढ्याकडच्या रानात नेऊन पांगवली.