डिश अँटेना घेण्यापूर्वी आणि कौले परतण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर रत्नागिरी परिसरातून आमच्या दुकानात एकाच दिवशी अनेक फोन येतात आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते की, कालपर्यंत चित्र स्वच्छ होते, पाऊस आला आणि गेले, तेव्हा डिश बदलून द्या. यांपैकी फार थोड्या डिश खरोखर बदलाव्या लागतात. म्हणून नवी डिश घेताना काय पाहावे आणि जुनी कशी जपावी, हे येथे लिहून देत आहोत.

जुन्या काड्यांच्या अँटेनाची सवय अजून गेलेली नाही. तो अँटेना जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्राकडे पाहत असे आणि मध्ये डोंगर आला की पडदा मुंग्यांनी भरून जाई, त्यामुळे उंच पाइप उभारून बूस्टर लावण्यात तेव्हा अर्थ होता. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेचे संकेत मात्र विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडून येतात. आपल्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर आहे, म्हणजे सह्याद्रीची रांग त्याच्या आड येत नाही आणि दहा फुटांच्या पाइपने काही साधतही नाही. डिश वाऱ्याने हलते मात्र जास्त. घराच्या आडोशाला, जमिनीजवळ सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसवलेली डिश आम्हांला कौलांवरच्या डिशपेक्षा कधीही अधिक पसंत आहे. तिचे तोंड समोरच्या डोंगराकडे वळल्यासारखे दिसते म्हणून काही ग्राहक ती वर उचलतात. कृपया तसे करू नये, कारण या डिशची घडणच अशी आहे की ती दिसते त्याहून सुमारे २५ अंश वर पाहत असते.

अडथळा येतो तो माडांचा. डिशच्या वर ५० फूट गेलेला माड आग्नेयेला असेल, तर तो किमान ३० फूट दूर हवा, आणि झावळ्यांचा पसारा धरून त्याहून थोडा अधिक. मार्चच्या मध्यास किंवा सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ उपग्रहाच्याच दिशेला असतो; त्या वेळी ज्या जागी झावळीची सावली न पडता स्वच्छ ऊन पडते, ती जागा डिशसाठी योग्य समजावी. (त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र जाते, ते सूर्यामुळेच, त्यासाठी फोन करण्याची आवश्यकता नाही.)

आकाराविषयी आमच्यावर एक आरोप नेहमी होतो की, ९० सेंटीमीटरची डिश महाग म्हणून आम्ही ती पुढे करतो. वस्तुस्थिती अशी आहे की ६० सेंटीमीटरच्या डिशपेक्षा तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने ती तितका अधिक संकेत गोळा करते, आणि पाऊस संकेत शोषून घेत असताना हीच शिल्लक कामाला येते. ढगफुटीसारख्या सरीत दोन्हींचे चित्र जाते, हे आम्ही विकतानाच सांगतो. मोठी डिश वाराही जास्त घेते, त्यामुळे उघड्या सड्यावर (कातळाच्या माळावर) भक्कम पाया करण्याची तयारी नसेल, तर लहान डिशच घ्यावी.

आता ज्या चुकीपायी आमचा जून महिना जातो तिच्याविषयी. जुन्या अँटेनाचे चित्र हळूहळू बिघडत असे, डिजिटल चित्राचे तसे नाही. संकेत ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत ते पूर्ण स्वच्छ असते, आणि किंचित खाली गेला की चौकोन फुटून पडदा काळा होतो. म्हणजे मे महिन्याच्या उन्हात चित्र दिसले, तरी संकेत भरपूर आहे की अगदी काठावर, हे त्यावरून कळत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या, गडबडीत कौले परतणारी माणसे डिश बाजूला करतात, पुन्हा अंदाजाने लावतात, चित्र येते, सगळे निर्धास्त होतात. ६० सेंटीमीटरच्या डिशची कड अवघी पाच मिलिमीटर सरकली की दिशा एक अंशाने चुकते. मोठी डिश तर याहूनही कमी चूक खपवून घेते. अशी डिश उन्हात चालते आणि पहिल्या सरीला बंद पडते. मग कोणीतरी भर पावसात छत्री घेऊन वर चढते व ती आणखी फिरवते, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर आपोआप परत आले असते ते चित्रही येत नाही.

चित्र आल्यावरही आमचा माणूस आणखी अर्धा तास डिशपाशी का रेंगाळतो, असे विचारले जाते. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी चुकीच्या दिशेलाही बरीच भरलेली दिसू शकते, म्हणून आम्ही ‘क्वालिटी’ची पट्टी कमाल होईपर्यंत डिश हलवत राहतो, आणि नंतर ब्रॅकेटवर रंगाची खूण करतो. ती खूण हललेली आढळल्यास पुन्हा जुळवणीचे शुल्क घ्यावे लागते, आणि ते आम्हांला योग्य वाटते. खूण जागेवर असूनही बिघाड असेल, तर बहुधा जोडणीत पाणी किंवा खारा गंज शिरलेला असतो. जोडणी आम्हीच केलेली असल्यास पहिल्या पावसाळ्यापुरती ती दुरुस्ती विनामूल्य आहे.

शाकारणी, म्हणजे कौले परतण्याचे काम, ठरल्यास कृपया दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे डिश आम्हीच उतरवू आणि काम झाल्यावर पुन्हा जुळवून देऊ. एप्रिल-मे महिन्यांत यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. तो येईल त्या वेळी वीज चालू असावी आणि बॉक्सचा रिमोट हाताशी ठेवावा.